‘ही गोज’ आणि ‘तो जास’

सातवीत असताना एकाच आठवड्यात माझ्या दोन वह्या लाल शाईने भरल्या. इंग्रजीच्या वहीत मी ‘ही गो टू स्कूल’ असे लिहिले होते. सरांनी ‘गो’भोवती वर्तुळ काढून त्याचे ‘गोज’ केले. मराठीच्या निबंधात ‘माझा भाऊ शेतात जास’ असे लिहून गेलो होतो. तिथला ‘जास’ खोडून ‘जातो’ केले गेले आणि शेजारी ‘अशुद्ध’ असा शेरा आला. एका वहीत ‘स’ गाळला म्हणून छडी, दुसरीत ‘स’ घातला म्हणून छडी. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात घरीदारी अहिराणीच चालायची. प्रमाण मराठी शाळेत आणि रेडिओवर भेटायची, आणि इंग्रजी फक्त पाचवीनंतरच्या पुस्तकात. त्या वयात मला एवढेच कळले की आपल्या तोंडातला ‘स’ कुठेच बरोबर नसतो.

पुढे दहावीला इंग्रजीत दोनदा नापास झालो. जळगावात एका छापखान्यात मुद्रिते तपासायच्या कामाला लागलो. खिळ्यांच्या जमान्यात शिरलो आणि संगणकाच्या जमान्यात अजून टिकून आहे. इंग्रजी जी काही आली ती रद्दीतल्या व्याकरणांतून. गल्लीतल्या मुलांना कुणीतरी सांगितले की काका इंग्रजी बघून देतात, तेव्हापासून संध्याकाळी दोन-चार जण येतात. कुणी पोलीस भरतीचा, कुणी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करणारा. गेली वीस-बावीस वर्षे मुले बदलतात, प्रश्न तेच राहतात. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’च्या पुढे ‘इज’ की ‘आर’? ‘न्यूज’ एकवचनी कशी? ‘माय फादर आर’ का चालत नाही? ‘एव्हरीवन’नंतर ‘हिज’ लिहायचे की ‘देअर’?

बरीच वर्षे मी नियम सांगून मोकळा होत असे. मग एका मुलीने विचारले, “पण काका, हे असं का?” मला उत्तर देता आले नाही. हा लेख त्या ‘का’च्या मागे लागून केलेल्या वाचनाचा आहे. मी भाषाशास्त्राचा पदवीधर नाही. चुकलो तर जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

क्रियापद कोणाचे ऐकते?

इंग्रजी व्याकरणात एक साधी गोष्ट गृहीत धरलेली असते: क्रियापद कर्त्याचे ऐकते. मराठीत तसे नाही. ‘राम आंबा खातो, सीता आंबा खाते’ इथे क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलले. ‘रामाने आंबा खाल्ला, रामाने चिंच खाल्ली’ इथे कर्ता तोच, पण क्रियापद आंब्याचे आणि चिंचेचे ऐकते. ‘रामाने रावणाला मारले’ म्हटले की ते कोणाचेच ऐकत नाही, तटस्थ राहते. कर्तरी, कर्मणी, भावे हे तीन प्रयोग आपण शाळेत पाठ केले, पण ते इंग्रजीच्या तासाला कुणी काढले नाहीत.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली छापले तेव्हा ते २२ वर्षांचे होते. त्यांची पिढी इंग्रजी व्याकरण वाचून तयार झाली होती. त्या काळी इंग्रजी शिक्षणात लिंडले मरे याच्या १७९५ सालच्या व्याकरणाचा मोठा दबदबा होता. मूळचा अमेरिकेतला हा वकील इंग्लंडमध्ये यॉर्कजवळ येऊन राहिला आणि त्याच्या पुस्तकाच्या असंख्य आवृत्त्या निघाल्या. दादोबांच्या हाती साचा होता इंग्रजीचा आणि त्यात बसवायची होती मराठी. जिथे क्रियापद कर्त्याला सोडून कर्माकडे वळते, तिथे तो साचा अपुरा पडतो आणि संस्कृत व्याकरणातल्या प्रयोगांचा आधार घ्यावा लागतो. १८३६ नंतरची पाऊणशे वर्षे मराठी व्याकरणकार प्रयोगांवरून वाद घालत राहिले, त्याचे मूळ मला इथे दिसते.

पुढे त्याच आडनावाच्या द्वारकानाथ तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांनी महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांना इंग्रजी शिकवली. अनेकजण या दोन तर्खडकरांत गल्लत करतात. छोटी छोटी वाक्ये मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत करायची, ही त्यांची रीत. मला ती अजूनही आवडते, कारण तिच्यात मराठी वाक्य आधी समोर ठेवलेले असते. त्या वाक्याकडे नीट पाहिले की इंग्रजीचे अर्धे कोडे तिथेच सुटते.

एक उदाहरण देतो. मुले हमखास ‘ही डझ नॉट गोज’ लिहितात. ‘डझ’ आल्यावर ‘गो’चा ‘स’ जातो, हा नियम त्यांना पाठ असतो, तरी लिहितात. मी त्यांना विचारतो, “‘तो जातो’चा नकार कर.” ते म्हणतात, “तो जात नाही.” “आणि ते जातात?” “ते जात नाहीत.” म्हणजे मराठीतही नकार आला की ‘जातो’चा शेवट गळून ‘जात’ उरते, आणि एक की अनेक हे सांगायचे काम ‘नाही-नाहीत’ अंगावर घेते. ‘तो जातो नाही’ असे आपण स्वप्नातही म्हणणार नाही. ‘डझ नॉट गोज’ हे इंग्रजी कानाला तसेच लागते. हे एकदा कळले की नियम पाठ करावा लागत नाही.

‘वन ऑफ माय फ्रेंड्स’चेही तसेच. ‘माझ्या मित्रांपैकी एक आला’ म्हणताना ‘आले’ म्हणायचा मोह कुणालाच होत नाही, कारण ‘पैकी’ने मित्रांना बाजूला काढलेले असते आणि ‘एक’ क्रियापदाला चिकटून बसलेला असतो. इंग्रजीत क्रम उलटा. एक आधी येतो, मित्र नंतर येऊन क्रियापदाच्या शेजारी बसतात, आणि कान शेजाऱ्याला भुलतो. मराठीतही कधी शेजाऱ्याचाच मान राखला जातो: ‘त्याने एक नारळ आणि चार केळी आणली’ यात शेवटच्या केळ्यांप्रमाणे ‘आणली’ झाले. इंग्रजीत ‘आयदर-ऑर’च्या वाक्यात क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे चालवतात, ते याच जातीचे.

लंडनने ज्याला हसून घेतले तो ‘स’

आता त्या ‘गोज’मधल्या ‘स’कडे येतो. मला वाटे, हा राणीच्या दरबारातून आलेला, मूळचाच शिष्ट प्रत्यय असणार. वाचत गेलो तेव्हा वेगळेच निघाले.

जुन्या इंग्रजीत दक्षिणेकडे, लंडनच्या बाजूला, ‘तो जातो’ला ‘ही गोएथ’ या वळणाचे रूप होते. ‘स’चा शेवट उत्तर इंग्लंडच्या बोलीतला. दहाव्या शतकातल्या नॉर्थम्ब्रियाच्या लेखनातही तो सापडतो. लंडनच्या लोकांना तो गावंढळ वाटे. चौदाव्या शतकात चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’मधल्या रीव्हच्या गोष्टीत केंब्रिजचे दोन विद्यार्थी आणले आहेत. ते उत्तरेकडचे, म्हणून त्यांच्या तोंडी चॉसरने मुद्दाम उत्तरेची बोली घातली आणि क्रियापदांना हा ‘स’ लावला. लंडनच्या वाचकांनी हसावे म्हणून. आपल्याकडे नाटकात गावाकडचा गडी आणला की त्याच्या तोंडी बोली घालतात, तोच प्रकार.

पुढच्या दोनशे वर्षांत उत्तरेची माणसे आणि त्यांची बोली दक्षिणेत आली, आणि ‘स’ लंडनच्या रस्त्यावर रुळला. शेक्सपिअरच्या नाटकांत जुना ‘एथ’ आणि नवा ‘स’ दोन्ही एकत्र नांदतात. १६११ च्या बायबलने जुना ‘एथ’च धरून ठेवला, कारण धर्मग्रंथाला जुनी भाषा शोभते असे वाटले असावे. पण बोलण्यात ‘स’ जिंकला. नंतर व्याकरणकार आले आणि त्यांनी जिंकलेल्यालाच शुद्ध ठरवले. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याकडच्या, ईस्ट अँग्लियातल्या बोलीत मात्र ‘ही गो’ असेच म्हणण्याची रीत होती. म्हणजे सातवीतला मी जे लिहिले ते तिथल्या शेतकऱ्याच्या कानाला खटकले नसते!

याचा अर्थ परीक्षेत ‘ही गो’ लिहावे असा नाही. परीक्षेत ‘गोज’च लिहायचे. एवढेच सांगायचे आहे की ज्या प्रत्ययासाठी खानदेशातल्या मुलांनी छड्या खाल्ल्या, तो स्वतः एकेकाळी खेडवळ म्हणून हसून घेतलेला आहे.

आदराचे अनेकवचन

‘माय फादर आर’ ही चूक वर्गात हसण्याचा विषय होते. मला ती सभ्यपणाची चूक वाटते. ‘वडील आले आहेत’ म्हणणाऱ्या घरातले पोर वडिलांना ‘इज’ लावताना कचरते. वडिलांना अरे-तुरे केल्यासारखे वाटते त्याला.

इंग्रजीतही हे एकदा झालेले आहे. तिथे ‘दाऊ’ म्हणजे तू होता आणि ‘यू’च्या घराण्यातले सर्वनाम अनेकांसाठी होते. मोठ्यांना आदराने अनेकवचन लावायची रीत पडली, मग बरोबरीच्यांनाही, आणि शेवटी सगळ्यांनाच. ‘दाऊ’ मागे पडला. म्हणून आज एकाच माणसाशी बोलतानाही ‘यू आर’ म्हणतात, ‘यू इज’ नाही. आदरार्थी अनेकवचनाने ‘तू’ गिळून टाकला आणि क्रियापद मात्र अनेकवचनी राहिले. अठराव्या शतकात एका माणसाला ‘यू वॉज’ म्हणायची रीत बरीच पसरली होती, आणि तर्काला धरूनच होती. बिशप रॉबर्ट लोथने १७६२ च्या आपल्या व्याकरणात तिच्यावर टीका केली आणि शिष्ट लेखनातून ती हळूहळू गेली. मुलगा ‘माय फादर आर’ लिहितो तेव्हा मी त्याला सांगतो, “तुझं मन बरोबर आहे. फक्त इंग्रजांनी हा मान समोरच्या माणसाला दिला, पाठीमागच्या माणसाला दिला नाही.”

‘हिज’ आणि ‘हर’ची गोष्टही अशीच. ‘शी लव्ह्ज हिज हजबंड’ असे लिहिणाऱ्या मुलीला वेंधळी म्हणतात. पण ‘तिचा नवरा’ म्हणताना मराठीत ‘चा’ हा नवऱ्याचे ऐकतो, आणि ‘त्याची बायको’मध्ये ‘ची’ बायकोचे. आपल्या प्रत्ययाची नजर वस्तूकडे असते, इंग्रजी सर्वनामाची मालकाकडे. मुलीने मराठीचा नियम इमानाने पाळला, एवढाच तिचा दोष.

राहिला ‘एव्हरीवन’चा प्रश्न. प्रत्येकाने आपला डबा आणावा, यात ‘आपला’ म्हटले की पुरुष-बाईचा प्रश्नच उरत नाही. इंग्रजीला असा ‘आपला’ नाही. ‘देअर’ तिथे चौदाव्या शतकापासून एकासाठी वापरात आहे. व्याकरणकारांनी मात्र आग्रह धरला की ‘एव्हरीवन’ एक आहे म्हणून ‘हिज’च. बाई त्यात धरलेलीच आहे, असे समजायचे. हा आग्रह आपल्या कायद्यातही आला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या आठव्या कलमाने सांगून टाकले की ‘ही’ हे सर्वनाम पुरुष असो वा स्त्री, कोणाही व्यक्तीसाठी वापरले आहे. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत सर्वनाम तेच राहिले, व्याख्येत मात्र तृतीयपंथी व्यक्तीचाही उल्लेख आला. एका सर्वनामाच्या पोटात कोण कोण मावते, हे ठरवायला संसदेला बसावे लागते. तेव्हा बँकेच्या परीक्षेच्या पोराला ते अवघड वाटले तर नवल नाही. त्याला मी सांगतो: परीक्षेत विचारले तर ‘हिज’ किंवा ‘हिज ऑर हर’, बोलताना ‘देअर’.

फैजपूरची शाळा

इंग्रजीचा हा ‘स’ खानदेशात शिकवणाऱ्यांत एक नाव असे आहे की ते वाचून मी काही वेळ पुस्तक मिटून बसलो. केशवसुत. मुंबईत प्लेग आला तेव्हा १८९७ साली ते भडगावला शिक्षक म्हणून आले, आणि १९०१ पासून १९०४ पर्यंत फैजपूरच्या इंग्रजी शाळेचे मुख्याध्यापक होते. फैजपूर लोकांना १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे ठाऊक आहे. आधुनिक मराठी कवितेचा पहिला माणूस तिथे आमच्या पणजोबांच्या वयाच्या पोरांच्या शाळेवर होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तिथून ते धारवाडला गेले आणि १९०५ मध्ये हुबळीला वारले.

त्यांचे धाकटे भाऊ मोरो केशव दामले. ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा त्यांचा ग्रंथ १९११ साली प्रसिद्ध झाला आणि शंभरहून अधिक वर्षे झाली तरी मराठी व्याकरणाचा वाद निघाला की त्याचेच पान उघडतात. मराठी क्रियापद कोणाचे ऐकते, यावर इतका बारीक विचार त्याआधी कुणी एका ठिकाणी केला नव्हता. शुद्ध तीन प्रयोगांत न बसणाऱ्या वाक्यांसाठी त्यांनी संकर प्रयोगांचा विचार मांडला. म्हणजे भाषेने नियम मोडला तर भाषेला छडी न मारता नियमाला जागा करून दिली.

एक भाऊ खानदेशच्या मुलांना इंग्रजी शिकवणारा, दुसरा मराठीच्या क्रियापदाचा सर्वांत मोठा अभ्यासक. त्याच दशकात, १९०७ साली, ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा नवव्या खंडाचा तिसरा भाग निघाला. त्यात खानदेशी आहे, पण मराठीच्या खंडात नाही. भिल्ल भाषांच्या सोबत आहे. मराठीचा सातवा खंड १९०५ मध्येच निघून गेला होता. अहिराणी मराठीची की गुजरातीच्या अंगाची, हा वाद तेव्हापासून चालू आहे आणि मी त्यात पडत नाही. मला एवढेच दिसते की मराठीच्या व्याकरणात तिला जागा नव्हती आणि सर्वेक्षणात ती मराठीच्या दाराबाहेर होती. तिचे क्रियापद शाळेच्या फळ्यावर येण्याचा प्रश्नच नव्हता.

ते आले असते तर? आमच्या घरच्या बोलीत मी जास, तू जास, तो जास, ती जास. अनेक झाले की आम्ही जातस, तुम्ही जातस, त्या जातस. प्रमाण मराठीत ‘जातो’ आणि ‘जाते’ यांत बाई-पुरुष वेगळे होतात. आमच्या वर्तमानकाळाला त्याचे काही पडलेले नाही. तो फक्त विचारतो, एक की अनेक? भूतकाळात मात्र तो उना, ती उनी, त्या उनात, असे लिंग परत येते. आता इंग्रजी पाहा. वर्तमानकाळात क्रियापदाला बाई-पुरुषाशी देणेघेणे नाही, एक की अनेक एवढेच ते पाहते, आणि एकाला ‘स’ लावते. फरक एवढाच की इंग्रजी ‘स’ मी-तूला लागत नाही, आमचा सगळ्या एकट्यांना लागतो.

इथे सावध करतो, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर असल्या गोष्टींवरून इतिहास तयार होतात. इंग्रजीचा ‘स’ आणि अहिराणीचा ‘स’ यांचे काही नाते नाही. योगायोग आहे. पण शिकवणाऱ्याच्या हाती योगायोगही उपयोगी पडतो. मराठीतून इंग्रजीकडे जाताना मुलाला ‘जातो-जाते’ विसरावे लागते. अहिराणीतून जाताना तेवढे विसरावे लागत नाही. ‘तो जास, ती जास’ म्हणणाऱ्या मुलाला ‘ही गोज, शी गोज’ हे घरचेच वळण आहे. शंभर वर्षे आपण त्याला आधी घरचे विसरायला लावले आणि मग परके पाठ करायला लावले.

धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ मध्ये तिथेच उभे राहिले. ज्ञानेश्वरीतल्या मराठीचे व्याकरण १९०९ मध्ये लिहिणाऱ्या या माणसाने जुन्या रूपांना कधी अशुद्ध म्हटले नाही; ही रूपे कुठून आली, असे विचारले. धुळ्याला गेलो की त्या इमारतीवरून जाताना मला माझी सातवीची वही आठवते. त्या लाल वर्तुळाशेजारी ‘अशुद्ध’ऐवजी कुणी ‘कुठून आले?’ असे लिहिले असते, तर मी कदाचित दहावीला एकदाच बसलो असतो.

ज्या मुलीने ‘हे असं का?’ विचारले होते, ती पारोळ्याकडची. परीक्षेच्या तयारीला जळगावात खोली घेऊन राहायची. अहिराणी बोलायला ती लाजायची. फोनवर आईशी बोलतानासुद्धा आवाज खाली करायची. एकदा तिला म्हटले, “आई बाजाराला जाते, हे घरी कसं म्हणतेस?” तिने इकडेतिकडे पाहून हळूच सांगितले, “माय बजारले जास.” मी म्हटले, आता हेच इंग्रजीत लिही. तिने लिहिले: ‘मदर गोज टू मार्केट’. ‘स’ न चुकता आला. मी दोन्ही ‘स’खाली एकच रेघ ओढली. लाल पेन हाताशी होता, पण रेघ पेन्सिलने ओढली.

ती आता एका बँकेत आहे. तिच्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न इंग्रजीचा विचारत नाही. घरी कसे म्हणतोस ते सांग, म्हणतो. कुणी अहिराणी सांगतो, कुणी फैजपूर-यावलकडची लेवा बोली, कुणी तडवी घरातली वेगळीच रूपे. ती मी एका वहीत लिहून ठेवतो, गावाच्या नावासकट. दोनशे पानांच्या दोन वह्या भरल्या आहेत, तिसरी चालू आहे. त्यांत ‘अशुद्ध’ असा शेरा एकाही पानावर नाही.